विहिरींची फाइल आणि मी बनवलेली सीडी

माझे सासरे नोकरीतून निवृत्त झाले आणि देऊळघाट गावातल्या विहिरींची माहिती लिहायला बसले. कोणती विहीर कोणी खोदली, कुठे गोडं पाणी लागलं, कुठे नुसताच खडक. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन वर्षं ते एका बोटानं टाइप करत होते. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो.

एक दिवस त्यांना मराठी अक्षरांचा सुंदर फॉन्ट फुकटात देणारी जागा इंटरनेटवर सापडली. मी शाळेतून आले तेव्हा पडद्यावर जाहिरातींची जत्रा भरली होती आणि आतून सायरन वाजत होता.

"बाबा, काय दाबलं तुमी?"

"मी काईच नाई दाबलं. तो इचारत गेला, मी हाव म्हणत गेलो. इतक्या आदरानं इचारून राह्यला, नाई कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना. कंपनीचं चिन्ह दिसायचं, पडदा काळा व्हायचा, पुन्हा चिन्ह. विहिरींच्या फाइलची दुसरी प्रत कुठेही नव्हती. बाबा त्या रात्री जेवताना भाजी वाढून घ्यायची विसरले.

माझा मोठा भाऊ मलकापूरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फोनवर म्हणाला, "व्हायरस आहे. मी सांगतो ती फाइल उतरव, तिची सीडी बनव अन् सीडीवरून मशीन चालू कर. मंग आतला कचरा साफ करता येते."

शाळेच्या कार्यालयात मी क्लार्क. सीडी बनवणं म्हणजे काय मोठं? मधल्या सुट्टीत फाइल उतरवली, सीडीवर टाकली, घरी आणून घातली. कॉम्प्युटरनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"चालू करतानी डिलीटचं बटन दाबत राह्य," भाऊ म्हणाला. "निळा पडदा येईन. तिथं पयला नंबर सीडीले दे."

दिला. काही फरक नाही.

"सीडीत काई दिसते का वं?"

"हाव, दिसते ना! शाळेत उघडून पाह्यली मी. फाइल जागच्या जागी आहे."

"मंग ड्राइव्हची लेन्स खराब झाली असन. कापसानं पूस हळूच."

कापूस म्हटल्यावर बाबा उठले आणि मागच्या खोलीतून मूठभर घेऊन आले. आपल्याच शेतातला. सरकी वेचून त्यांनी इतका नाजूक बोळा केला की तान्ह्या बाळाच्या कानातही चालला असता. लेन्स पुसली. मग वायर काढून पुन्हा लावली. मग डबा उघडून पंख्यावरची धूळ झटकली, तिचा यात काही संबंध नसताना. चार दिवस हेच. आणि चारही दिवस मी अधूनमधून सुनावत होते, "बाबा, तुमी ते हाव-हाव केलं नसतं तर..." ते मान खाली घालून बोळे वळत होते.

रविवारी भाऊ बसनं आला. बाबांना नमस्कार करून त्यानं सगळ्यात आधी माझी सीडी स्वतःच्या जाडजूड लॅपटॉपमध्ये घातली, पाहिली आणि माझ्याकडे बघून हसायला लागला.

"काऊन हसतं रे दादा?"

"अवं, तू फाइल जशीच्या तशी कॉपी केली! ती आधी सीडीवर उलगडावी लागते. तुले 'इमेज बर्न' असं बटन दिसलं नाई का?"

दिसलं होतं. 'बर्न' म्हणजे जाळणं, आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर काही जळायला नको, म्हणून मी त्या बटणाच्या वाटेला गेले नव्हते.

माझे कान तापले. बाबांनी हातातल्या बोळ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "म्हंजे लेन्स साफच होती का?"

भावानं नवी सीडी बनवली. या वेळी ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर वेगळीच अक्षरं उमटली. तपासणी दुपारभर चालली. बाबा खुर्ची ओढून समोर बसले. एकेक व्हायरस सापडला की स्वयंपाकघरात ओरडून सांगायचे, "आनखीन एक धरला!" शेवटी कॉम्प्युटर नीट सुरू झाला आणि विहिरींची फाइल उघडली. बाबांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरकवून पाहिली. मग चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी घेऊन दही मागायला आल्या. चार दिवसांचा आमचा गोंधळ त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेलाच होता. "झालं का सुरू? कोनाचं चुकलं होतं मंग?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "कोनाचंच नाई बाई. सीडीच खराब निघाली बाजारातली."

भाऊ खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता. मी काकूंची वाटी घेतली आणि स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी काकूंना दही जरा जास्तच गेलं.