मधलं पान

निलगिरीचा पाला जळतो तेव्हा आधी छातीला चोळायच्या बामसारखा, जवळजवळ दिलासा देणारा वास येतो. त्यातला कडवटपणा मागाहून घशाशी येतो. डिसेंबरातल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, त्या दुपारी क्वेकर्स हिलमधल्या आमच्या परसात तो वास उतरला, तेव्हा सूर्य तांब्याच्या परातीसारखा लाल झाला होता आणि दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर राखेचे पापुद्रे अलगद येऊन बसत होते. मेधा, माझी बायको, घाईघाईने चादरी काढत होती. मी गराजमध्ये स्कॅनरसमोर बसून, डोंगरातल्या ज्या दरीत आमच्या क्लबातला रॉय राहत होता, तिथल्या अग्निशमन स्वयंसेवकांचं बोलणं शेजारच्या खोलीतून यावं इतकं स्पष्ट ऐकत होतो.

स्कॅनर म्हणजे इतरांची बिनतारी संभाषणं ऐकवणारी पेटी. तिला कान आहेत, तोंड नाही. पुण्याहून इथे आल्यानंतरच्या पहिल्या एकाकी वर्षांत मला तिचा नाद लागला. "घरातल्यांचं ऐकायला वेळ नाही, आणि बस-ड्रायव्हरांचं मात्र कान देऊन ऐकतोस," असं मेधा म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. ब्लॅकटाउनच्या एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा आमचा क्लब भरतो: वीस-बावीस पिकलेली डोकी, सॉसेज रोल, आणि गेल्या महिन्यात कोणत्या चॅनेलवरचं बोलणं सांकेतिक होऊन तो आपल्याला कायमचा मिटला याची, श्रद्धांजली वाहावी तशी, चर्चा. क्लबचं बारा पानी मासिक मी काढतो. त्याचं मधलं पान म्हणजे चॅनेलांची यादी: कोण कोणत्या आकड्यावर बोलतं ते. जुने सभासद ते पिना उचकटून वेगळं करतात, फ्रिजवर लावतात आणि त्यावरून एकेक आकडा आपापल्या पेटीत भरतात.

रॉय त्यांतला सर्वांत जुना. "बायबलात चूक सापडेल, मेट, तुझ्या मधल्या पानात नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि मला ते आवडायचं.

आता ते सांगतो, जे मी मेधालाही सांगितलं नव्हतं. त्या डिसेंबराच्या आधीच्या सप्टेंबरात एका सभासदाचा ईमेल आला: रॉयच्या दरीतल्या अग्निशमन दलाने चॅनेल बदलला आहे. अंक जुळवून झाला होता, मंडळाच्या गणपतीची धावपळ होती, आणि ते पान पुन्हा मांडायचं तर एक संध्याकाळ जाणार होती. पुढच्या अंकात बघू, असं मी मनाशी म्हटलं. माझ्या पेटीत मात्र नवा आकडा त्याच दिवशी भरला. पुढच्या अंकात जुनंच पान गेलं, त्याच्या पुढच्याही अंकात गेलं. विसरलो. हा शब्दसुद्धा लिहिताना मला जरा सोयीचा वाटतो.

त्या दरीत मोबाइल लागत नाही आणि घरातल्या फोनची तार आगीने दूर कुठेतरी सकाळीच तोडली होती. रॉय आणि बेरिल, त्याची बायको, माझ्या यादीतल्या जुन्या चॅनेलवर कान ठेवून बसले होते. आम्हा ऐकणाऱ्यांत शांततेलाही अर्थ असतो: आगीच्या चॅनेलवर कुणी बोलत नाही, म्हणजे आग लांब आहे. अडीच वाजता मी नव्या चॅनेलवर त्यांच्या रस्त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. फोन लावत राहिलो. ते दोघं घरातच असतील, असं आपत्कालीन क्रमांकावर सांगितलं. समोरच्या बाईंनी शांतपणे टिपून घेतलं. सव्वातीनला एक थकलेला आवाज म्हणाला की झाड पडून रस्ता बंद झाला आहे, गाड्या मागे वळवतोय. मी हातात फोन घेऊन उभा होतो. मेधाने दारातून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

ते दोघं शेजाऱ्याच्या कुरणातून, कुंपणाच्या तारा तोडून, कसेबसे बाहेर पडले; घर मागे जळून गेलं. पण बेरिलच्या छातीत गेलेला धूर निघाला नाही. एप्रिलात, इथली पानं पिवळी होतात तेव्हा, ती गेली. त्यानंतरच्या बैठकीत रॉय म्हणाला, "मीच आकडा चुकीचा भरला असणार. बोटं थरथरतात हल्ली." सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवले. मीही ठेवला.

तो हात मला पुढे तीन महिने झोपू देईना. शेवटी जुलैतल्या एका दुपारी, हिवाळ्याचं पातळ ऊन पडलं असताना, ते पान आणि तो ईमेल घेऊन मी त्याच्या नव्या, अर्ध्या रिकाम्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने दोन्ही कागद बराच वेळ वाचले. रागाची, फार तर दार दाखवण्याची तयारी मी ठेवली होती.

"म्हणजे तू ऐकत होतास," तो म्हणाला. "आमचा रस्ता पहिल्यांदा कधी आला?"

"अडीचला."

"अडीचला बेरिल कुंड्यांना पाणी घालत होती. मी तिला म्हटलं, सावकाश कर, अजून काही नाही."

मग त्याने खणातून एक वही काढली. आम्ही सगळेच ऐकलेलं वेळेसकट टिपून ठेवतो. आग लागली तरी माणूस ती वही खिशात घालून निघतो, हे आमच्यातल्या कुणालाही विचित्र वाटणार नाही. त्या तारखेच्या पानावर दर दहा मिनिटांनी एक ओळ होती, आणि प्रत्येक ओळीत त्याच्या थरथरत्या अक्षरात एकच शब्द: शांत. त्याने पेन माझ्याकडे दिलं. "समोरच्या पानावर लिही. जे ऐकलंस ते, जसं ऐकलंस तसं."

तेव्हापासून दर गुरुवारी मी त्याच्याकडे जातो. तो मला क्षमा करतो आहे की शिक्षा, ते मला समजलेलं नाही, आणि विचारायचं धाडस माझ्यात नाही. मी माझी वही उघडून, आठवून आठवून लिहितो, तो चष्मा कपाळावर चढवून वाचतो, चार-पाच ओळी झाल्या की म्हणतो, आज पुरे. गेल्या गुरुवारी आम्ही तीनला दहा मिनिटं कमी, इथपर्यंत पोचलो. पुढचं, सव्वातीनपर्यंतचं, मला अक्षरशः पाठ आहे. तरीही मी हल्ली सावकाश लिहितो, आणि तोही मला घाई करत नाही.