बायजामावशीची सावड

यंदा पावसाळ्यात लोणावळ्याकडे जायचं, पण भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून कणीस खायला नाही, हे मी घरी आधीच जाहीर करून टाकलं. मला मावळातली भातलावणी बघायची होती. लहानपणी आईबरोबर दरवर्षी टाकवे बुद्रुकला मामाकडे जायचे. मामा गेला, आई थकली आणि जाणं सुटलं ते सुटलंच. फोन केला तर मामी म्हणाली, "ये की. पर लावणी हाय, लाड न्हाई व्हायचं."

तुम्ही जाणार असाल तर पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि कान्ह्याला उतरा. फाट्यावर वडापाव खाऊन घ्या, कारण पुढची जीप भरल्याशिवाय हलत नाही. रस्ता आता गुळगुळीत झालाय, समोरून कारखान्यांच्या बस येतात. गाव जवळ आलं की मात्र तीच भाताची हिरवी खाचरं दिसतात.

घरात पाऊल टाकलं तर सासू-सुनेचं वाजलेलं. उद्या अंगणवाडीत नर्सबाई येणार होत्या आणि कविताला, म्हणजे मामीच्या सुनेला, शंभूला दीड वर्षाचा डोस द्यायचा होता. मामी नाही म्हणत होती.

मी लगेच पदर खोचला. अफवा, भीती, देवीचा कोप, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार! मामीने शांतपणे दंडावरचा देवीच्या लसीचा वण दाखवला. "मला काय शिकवतीस? आमी बी टोचून घेतलंय. सुई चांगली हाय गं. पर मागल्या डोसाला ताप आला नि पोरगं हिच्या मांडीवरनं उतरलं न्हाई. आता सावड कोण फेडंल?"

सावड म्हणजे आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या. ज्या घरची बाई चुकली, त्या घरच्या खाचरात बायका उतरत नाहीत आणि रोपं तर कुणासाठी थांबत नाहीत. मी खोचलेला पदर सोडला.

"पुढल्या महिन्यात देऊ की," मामी म्हणाली.

"आई, मागच्या महिन्यात पण तुम्ही हेच म्हणालात." कविता लोणावळ्याची, तिथल्या चिक्कीच्या दुकानात वाढलेली, पण बोलणं सडेतोड. "वरच्या वाडीतल्या पोराला डांग्या खोकला झाला. खोकून खोकून निळं पडत होतं. मला नाही जमणार थांबायला."

विषय बदलावा म्हणून मी आबांची आठवण काढली. आबा ठाकरवाडीतले. लावणीच्या दिवसांत आम्हा पोरांना बांधावर आंब्याखाली सांभाळायचे, पानांच्या पिपाण्या करून द्यायचे. शेवटी सगळ्या बायका त्यांच्या एवढ्याशा खाचरात उतरायच्या. मला वाटायचं, आबांचा गावात दरारा आहे.

"कसला दरारा!" मामी हसली. "कंबर मोडली व्हती त्यांची. वाकता येईना. मग त्यांचं बसणं आमी सावडीत..." आणि ती मध्येच थांबली.

"सावडीत धरायचात?" कविताने विचारलं.

"व्हय," मामी हळूच म्हणाली.

आबांची सून बायजामावशी अजून वाडीत राहते. गुडघे गेल्यामुळे ती सावडीतून बाहेर पडली होती आणि तिचं खाचर निम्मं पडीक. मामी स्वतः चढण चढून तिच्या दारात गेली. "बायजे, उद्या पोरं घिऊन बसशील का?"

"बसंन की. पर माजं खाचर?"

"समद्या येऊ."

सकाळी अंगणवाडीत आणखी दोघी-तिघी आया आल्या. लावणीमुळे त्यांचेही डोस राहिले होते. शंभूने गाव डोक्यावर घेतलं. तापाचं औषध कसं द्यायचं ते नर्सबाईंनी समजावलं, मग पोरं बायजामावशीच्या हवाली करून आम्ही चिखलात उतरलो. माझी लावणी बघून मामी म्हणाली, "रोप लावतीस का टाचणी टोचतीस?" पण दुपारी बांधावरची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मी हक्काने खाल्ली. अशी चव हॉटेलात पैसे टाकून मिळत नाही.

दुपारी शंभू तापला. कविता दोनदा त्याला पाजायला धावली आणि परत आली. तिसऱ्यांदा बघायला मी गेले. तो बायजामावशीच्या मांडीवर पडून तिच्या हातातल्या पानाच्या पिपाणीकडे बघत होता. पिपाणी अगदी आबांसारखी वळलेली. मला रडू आवरेना.

परतताना आधी उलट दिशेला लोणावळ्याला जाऊन कविताच्या माहेरी घरचे पोहे पोचवले आणि बदल्यात चिक्कीचं खोकं घेऊन आले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, विसरू नका.

घरी आल्यावर मामीचा फोन. "शंभूचा ताप उतरला. बुधवारी बायजाचं खाचर हाय. कवा येतीस?"

"मी?"

"आबा कुणासाटी बसलं व्हतं? तुज्यासाटीच न्हवं? तुजी आई पडली माहेरवाशीण, ती कुटं चिखलात उतरली! ती सावड राह्यलीया तुमच्याकडं."

मी बुधवारची रजा टाकली. आईला हसत हसत सगळं सांगितलं, तर ती हसली नाही. कपाटातून जुनं लुगडं काढत म्हणाली, "मीही येते. मला वाकता नाही येणार, पण पोरं घेऊन बसता तर येईल."