मामांच्या कमरेची पिशवी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मामांचं केस कापायचं दुकान होतं; सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. तेहतीस वर्षं एकहाती चालवलेलं. पोटात कळा येऊ लागल्या, डोळे पिवळे झाले, तरी हातातली दाढी पुरी करूनच ते दवाखान्यात गेले. पित्तनलिकेत खडे अडकले होते. ऑपरेशन झालं आणि पित्त वाहून जावं म्हणून उजव्या बरगडीखालून नळी बाहेर काढून तिला पिशवी जोडली.

घरी फक्त त्यांची थोरली बहीण. ताई रोज सकाळ-संध्याकाळ साबणाने हात धुऊन पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी करायची आणि आकडा लिहून ठेवायची. पिशवी कमरेखाली हवी, नळीला पीळ नको, असं नर्सने दोनदा बजावलं होतं.

"तुला किळस नाही येत?" मामांनी एकदा विचारलं.

"लहानपणी तुझं काय काय उपसलंय मी! हे तर नुसतं हिरवं पाणी."

मामा हसले आणि लगेच टाक्यांवर हात धरून कळवळले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना राहवेना. कोणाचं न ऐकता दुकान उघडलं. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून दुकानात पोचल्यावर पिशवी वर घेऊन पट्ट्यात घट्ट खोचायची, सदरा वरून सोडायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई चपापली. "तीनशे मिलीवरून एकदम वीस? दवाखान्यात विचारू या."

"अगं, कमी येतंय म्हणजे बरं होतंय." पट्ट्याचं त्यांनी सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी खुर्चीत मी होतो. माझी अर्धी दाढी झाली आणि मामांना हुडहुडी भरली. वस्तरा खाली पडला. गालाला साबण तसाच ठेवून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टा सोडला. नळी दुमडली होती, पित्त आत तुंबून जंतुसंसर्ग झाला होता.

ताई कॉटपाशी उभी राहिली. "मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझी?"

"आरशाची. दिवसभर समोर तोच असतो."

नळी आणखी दोन महिने राहिली. मग निघाली, भोकही बुजलं. अंगातली ताकद मात्र परतली नाही. खुर्चीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की पाय लटपटायचे. शेवटी त्यांनी दुकान सोडलं.

खुर्ची उचलून नेली, त्या दुपारी मी मामांच्या घरी गेलो. "झोपलाय," ताई दारातूनच म्हणाली. आतून मामांचा खोकला ऐकू आला. मी परत फिरलो.