मामा पायी येताना दिसले की

दुःखाचा मान ठेवणारा माणूस अख्ख्या टेक्सासात एकच, तो म्हणजे माझ्या बायकोचे लांबचे मामा. रिटायर झाल्यावर आमच्या प्लेनो शहरातले लोक गोल्फ खेळतात, नाहीतर परसात टोमॅटो लावतात. मामांनी कम्युनिटी कॉलेजात प्राचीन ग्रीक शोकांतिकांचा वर्ग लावला आणि ते त्यातून कधी बाहेरच आले नाहीत. त्या नाटकांत मरण म्हणे प्रेक्षकांसमोर घडत नाही. दूत धावत येतो आणि काय झालं ते सांगतो. मग नायक भर दिवसा, गावासमोर हंबरडा फोडतो आणि बाजूला उभा असलेला कोरस, म्हणजे गावकऱ्यांचा घोळका, त्याच्यासाठी हळहळतो. मामांना हे इतकं पटलं की वाईट बातमी फोनवर सांगणं त्यांनी बंदच केलं. ते स्वतः जात. गाडी चार घरं अलीकडे लावत आणि तिथून पायी, जराशा धापा टाकत येत. दूत काही गाडीतून उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे पायी चालतं कोण? त्यामुळे मामा फूटपाथवर दिसले की आसपासच्या मराठी घरांत फोनाफोनी सुरू होई. डॉक्टरांनी त्यांना शुगरसाठी चालायला सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी घाबरून थेट साताऱ्याला फोन लावला आणि झोपलेल्या वडिलांना उठवून तब्येत विचारली. पुढे मामा बिचारे मॉलमध्ये जाऊन चालू लागले. बातमी किरकोळ असली तरी सोहळा तोच. मंडळाच्या पॉटलकला एकाच्या नव्या गाडीला पोचा आला, तर मामांनी आधी गाडीच्या रूपाचं वर्णन केलं, मग नियतीचं, आणि पोचा कुठे आलाय ते सांगायच्या आत स्वतःच रडू लागले. गाडीवालाच त्यांना पाणी देत होता, "मामा, बंपरच आहे ना यार" म्हणत.

मी याच्या अगदी उलट, घुमा. माझी नोकरी गेली तेव्हा मी घरी बोललोच नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि लायब्ररीत जाऊन बसायचो. आता लिहितोय, पण तेव्हा आरशातसुद्धा स्वतःकडे बघवत नव्हतं. मामा नाटकं वाचायला तिथेच येत, त्यांनी मला गाठलं. सगळं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, एवढी बातमी तुम्हीच घरी न्या, तुमच्याइतकी कुणाला जमणार नाही.

"नाही नेणार," मामा म्हणाले. "दूत मेलेल्यांची बातमी नेतो, जावईबापू. जिवंत नायकानं स्वतः बोलायचं असतं."

"नायक कसला? रोज खोटं बोलतोय मी तिच्याशी."

"म्हणून तर. निर्दोष माणसाची नुसती कीव येते. रडू येतं ते आपल्यासारखाच कुणी चुकला की. चला, मी कोरस म्हणून येतो. कोरसला काही करावं लागत नाही."

सवयीनं त्यांनी गाडी अलीकडेच लावायला सांगितली. आम्ही दोघे पायी येताना बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि ती अनवाणीच ड्राइव्हवेवर धावत आली. चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं? आई?"

"नोकरी," मी म्हटलं. "महिना झाला. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

ती होती तिथेच खाली बसली. हसली की रडली, मला अजून सांगता येत नाही. मग म्हणाली, "आणि पहाटे उठून डबे कुणासाठी करत होते रे मी?" हा प्रश्न तिनं पुढे कित्येक दिवस विचारला आणि दर वेळी मी मान खाली घालून तो ऐकला. मामा मात्र मेलबॉक्सला टेकून हुंदके देत होते. शेवटी आम्हीच त्यांना दोन्हीकडून धरून आत नेलं, चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. नोकरी आमची गेली होती आणि सांत्वन चाललं होतं मामांचं. त्या गडबडीत आम्ही एकमेकांवर रागवायचंही विसरलो.

मामा आता मुलीकडे, दूर दुसऱ्या राज्यात चँडलरला असतात. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. आमच्या बातम्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, की झालं. माझा थोरला भाऊ गेल्याचं मला तसंच कळलं, मीटिंग चालू असताना. मी मीटिंग सोडली आणि मामांना फोन लावला. दादा गेला, एवढंच कसंबसं म्हणालो. मग मामा म्हणाले, "कसा होता हो तो? लहानपणापासून सांगा." आणि मी सांगू लागलो.