गॅरेजसमोरचं काँक्रीट

गॅरेजसमोरच्या उखडलेल्या काँक्रीटमध्ये पाय अडकून बाबा पडले आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. ते इस्पितळात असतानाच मी गवंडी बोलावला. त्याने सुटलेल्या खपल्या फोडून काढल्या, जागा धुतली आणि नवा थर दिला. मी त्यावर गोणपाट टाकून पाणी मारत राहिले. रोज वाकून बघायचे, कुठे भेग तर पडली नाही ना? ती नसायची, तरी जीव थाऱ्यावर येत नसे. इतकी वर्षं ज्या जमिनीवर न बघता चाललो, तिच्यावर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा?

आज बाबा घरी आले. गाडीतून उतरून वॉकर धरून उभे राहिले, पण पाऊल उचलेनात.

"ओलं आहे का गं अजून?"

"नाही बाबा, चांगलं वाळलंय. मुद्दाम खरखरीत ठेवलंय, पाय घसरणार नाही."

"तू जा बघू आधी."

मी हसत पुढे झाले. पण त्या कोरड्या, पक्क्या काँक्रीटवर पाय ठेवण्याआधी मीच चवड्याने चाचपून पाहिलं. बाबांनी ते पाहिलं.

"घाबरू नकोस गं," ते म्हणाले आणि त्यांनी वॉकर पुढे सरकवला.