एकाच ड्रममधली आळवणी

ड्रममध्ये दोन्ही पाकिटं मीच ओतली. एकात ट्रायकोडर्मा, दुसऱ्यात बुरशीनाशक. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी. मुळांशी राहते आणि पिकाला मर, म्हणजे झाड सुकवून मारणारा रोग, आणणाऱ्या बुरशीला खाते. बुरशीनाशक तिला कशाला सोडेल? हे मला कॉलेजपासून माहीत होतं. तरी ओतलं, कारण आमच्या कंपनीचं किटच तसं होतं. आळवणी, म्हणजे झाडाच्या बुडाशी औषधाचं पाणी ओतणं, एकदाच करायची. मजूर एकदाच लागतात.

डेमो अर्धापूरच्या गंगाधररावांच्या केळीत होता. मर नुकतीच दिसू लागली होती. ती थांबली नाही, उलट फोफावली. त्यांनी बोलावलं तेव्हा बांधावर शेजारचे शेतकरीही जमले होते. मी घाबरून म्हणालो, "पाणी जास्त होतंय तुमचं."

"ठिबक हाय, सायब. जास्त कुठून होईल?"

"मग रोपंच रोगट आणली असतील."

मागून कुणीतरी हसलं. "गंगाधरराव, किट चांगलं, सायब चांगले. तुमीच तेवढे वाईट!"

 तो हशा मला झोंबला.

जाताना मी दोन ठिकाणची मुळं उपटली. झटकल्यावरही मुळांना जी माती चिकटून राहते, झाडाचे खरे सोबती तिच्यातच असतात. एक नमुना आळवणी केलेल्या ओळीतला, दुसरा कडेच्या ओळीतला. तिथपर्यंत ड्रममधलं औषध पुरलं नव्हतं. नांदेडच्या लॅबमध्ये दोन्ही नमुन्यांतली बुरशी काचेच्या वेगवेगळ्या बशांमध्ये वाढवली. कडेच्या ओळीची बशी हिरवीगार झाली; ट्रायकोडर्मा वाढली की हिरवीच दिसते. त्या मातीत ट्रायकोडर्मा मुळातच होती. दुसऱ्या बशीत तिचा ठिपकाही नव्हता. आम्ही पाकिटातली तर मारलीच, त्यांच्या रानातलीही मारली.

मी बशा मॅनेजरच्या टेबलावर आपटल्या.

"रिपोर्टमध्ये अतिपाणी लिहा," तो म्हणाला. "सीझन चालू आहे."

"सर, हे खोटं आहे."

"शेतकरी बशी बघतो का?"

"आता बघेल."

"मग उद्यापासून दुसरीकडे नोकरी बघा."

बघितली. पण त्याआधी अर्धापूर गाठलं, तीच माणसं त्याच बांधावर बोलावली. उरलेल्या झाडांना नुसती ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून द्यायला सांगितली. काही वाचली. आजारी निम्मी बाग मात्र उपटावी लागली. मजुरी वाचवायला निघालो होतो. उपटायलाही मजूरच लागले.

सगळ्यांना बांधावर बोलावलं त्या दिवशी गंगाधरराव हिरवी बशी उन्हात धरून बघत होते.

"म्हंजी आमच्या रानात ही होती?"

"होती. मी मारली."

"मंग त्या दिशी पानी, रोपं, कशाला काढलं? चार लोकात?"

"नोकरी जाईल म्हणून. पाणी बरोबर होतं तुमचं. रोपंही चांगली होती. चूक माझी, आणि खोटंही मीच बोललो." मागच्या वेळी हसलेला माणूसही तिथंच उभा होता. त्याच्यासमोर मी हात जोडले. "गंगाधरराव, माफ करा."