नसलेल्या वेशीपाशी

"ओ, मुडदा उचला की! सिग्नल सुटला!"

बसच्या ड्रायव्हरचा आवाज असा, की तिरडीवरचे आमच्या आळीतले तात्या उठून स्वतःच चालू लागतील असं मला वाटलं. मागे हॉर्नचा कल्लोळ एवढा, की त्यांचे स्वर्गातले बापजादेही कानांत बोटं घालून बसले असतील. तरी खांदेकऱ्यांनी भर चौकात टेकवलेली तिरडी लगेच उचलली नाहीच. आमच्याकडची रीतच आहे ती. मसणाच्या वाटेवर मेलेल्याला वेशीत विसावा द्यायचा, खांदे बदलायचे, मग पुढं निघायचं.

या चौकातली वेस मात्र कधीच रस्तारुंदीत गेली. मी जुन्या शहरांचा अभ्यास करतो, तिची उंची मला विचारा. हत्तीवर उंट चढवला आणि उंटावर पाटील उभा केला, तरी पागोटं कमानीला लागायचं नाही. एवढ्या दगडांचं पुढं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. शहरं बहुतेक अशीच मरतात. आधी भिंत जाते, मग नाव जातं, आणि शेवटी इथं थांबायचं असतं हे फक्त मेलेल्यांनाच आठवतं.

तेही आता फार दिवस नाही. डांबरावर चुन्यानं एक चौकोन आखला होता आणि तात्या नेमके त्यातच निजले होते.

"इथंच उड्डाणपुलाचा खांब येतोय," मी त्यांच्या मुलाला हळूच सांगितलं.

त्यानं हातातलं विस्तवाचं मडकं सावरलं.

"आई अंथरुणाला खिळलीय," तो म्हणाला. "तिला कुठं टेकवायचं?"